गुडघ्यावर बर्फ आणि समोर स्टॅटिस्टिक्स

परवा फोनवर जुन्या मैत्रिणीशी चांगलंच वाजलं. आम्ही दोघी अमेरिकेत एकाच युनिव्हर्सिटीत शिकलो, ती आता तिथे शिकवते, आणि तिचं ठाम मत झालंय की कॉलेजच्या टीममधून खेळणाऱ्या पोरांना मार्कांची अट अजून कडक करायला पाहिजे, वर्गात झोपा काढतात आणि शनिवारी टीव्हीवर हिरो. मी म्हटलं अगं झोपतात कारण पहाटे साडेपाचला जिममधे वजनं उचलत असतात. तर म्हणे तू नेहमी त्यांचीच बाजू घेतेस. घेतेच. का ते सांगते.

मास्टर्स करताना दोन वर्षं मी खेळाडूंना स्टॅटिस्टिक्सची ट्यूटर होते. संध्याकाळी सात ते नऊ स्टडी हॉल, पोरं यायची, कार्ड स्वाइप करायची, तास भरायची. त्यात एक फुटबॉलवाला होता, म्हणजे त्यांचा फुटबॉल, हेल्मेटवाला. अंगानं दार भरून जाईल असा. याला दोन खुर्च्या लागायच्या, एकीवर तो आणि दुसरीवर त्याचा गुडघा, बर्फाची पिशवी प्लॅस्टिकनं गच्च गुंडाळलेली, पाणी कार्पेटवर टपटप आणि समोर वहीत स्टँडर्ड डेव्हिएशन. हुशार होता हो. एकदा समजलं की परत विचारायचा नाही. फक्त साडेआठनंतर डोळे मिटायला लागायचे.

त्याला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं होतं. पण लॅब दुपारी दोनला आणि प्रॅक्टिसही दुपारी दोनलाच. वर एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचा, नियम असा की दुसरं वर्ष संपताना डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण पाहिजे, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८०. हे २००३ पासून, आधी २५-५०-७५ होतं. ऐकायला किती छान, पोरगा खरंच डिग्रीकडे सरकतोय का ते बघायचं. पण झालं काय, लॅब राहिल्या, क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी विषयागणिक जमवायचे गुण, मागे पडले, अ‍ॅडव्हायझरने आकडेमोड केली आणि त्याला उचलून अशा मेजरला, म्हणजे डिग्रीच्या विषयाला, टाकलं जिथे सगळे वर्ग सकाळी असतात आणि जुने क्रेडिट खपतात. त्या मेजरला निम्मी टीम बसलेली. एलिजिबल, म्हणजे खेळायला पात्र, राहिला, सगळ्या आकड्यांत बसला, इंजिनिअरिंग तेवढं गेलं.

मैत्रिणीचं अगदीच खोटं आहे असं नाही हं. डेक्स्टर मॅन्ली नावाचा मोठा प्रोफेशनल खेळाडू १९८९ मधे सिनेटच्या कमिटीपुढे रडत सांगून गेला की मी ओक्लाहोमा स्टेटला चार वर्षं काढली आणि मला धड वाचता येत नव्हतं. चार वर्षं! असल्या प्रकारांमुळेच तर १९८३ ला एनसीएएचा प्रपोझिशन ४८ हा नियम आला आणि १९८६ पासून लागू झाला, खेळायचं तर शाळेत ११ मुख्य विषयांत २.० जीपीए (४ पैकी मार्कांची सरासरी) आणि एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या टेस्टला १६०० पैकी ७००. तेव्हाच कृष्णवर्णीय कॉलेजांच्या प्रमुखांनी आरडाओरडा केला होता की ही टेस्ट गरीब शाळांतल्या पोरांनाच बाहेर काढणार. मग १९८९ च्या जानेवारीत अजून एक पाऊल पुढे, प्रपोझिशन ४२, अट पूर्ण नाही तर स्कॉलरशिपच नाही. त्याच्या निषेधात जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन, स्वतः कृष्णवर्णीय, खांद्यावर कायम पांढरा टॉवेल टाकून उभे राहणारे, मॅच सुरू व्हायच्या आत कोर्टवरून सरळ चालते झाले. पण गंमत बघा, आर्थर अ‍ॅश, तोही कृष्णवर्णीय, तो टेनिसवाला, कडक अटीच्या बाजूने उभा होता, त्याचं म्हणणं पोरांकडून अपेक्षाच ठेवली नाही तर ती अभ्यास कशाला करतील. मला दोघांचंही पटतं, हीच तर पंचाईत आहे.

पुढे त्या टेस्टचं काय झालं? २०२३ च्या जानेवारीत एनसीएएने एसएटीची अटच काढून टाकली. म्हणजे जिच्यावरून चाळीस वर्षं भांडले तीच गायब. आता १६ मुख्य विषय आणि पहिल्या वर्षी खेळायचं तर २.३ जीपीए.

अट कडक केली की पोरं जास्त शिकतात हे मला मान्यच नाही. अट कडक केली की अट पार करून देणारी माणसं जास्त कामाला लागतात. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीचं प्रकरण आठवतंय ना, २०१४ चा रिपोर्ट, १८ वर्षं नुसते कागदावरचे वर्ग, ना लेक्चर ना प्रोफेसर, शेवटी एक पेपर द्यायचा आणि मार्क देणार डिपार्टमेंटची सेक्रेटरी. ३१०० च्या वर विद्यार्थी त्यातून गेले, जवळजवळ निम्मे खेळाडू. आणि २०१७ मधे एनसीएएने काय केलं, तर काही नाही, कारण ते वर्ग बाकीच्यांनाही खुले होते म्हणे! मी वाचून हसले आणि मग त्या दोन खुर्च्या आठवल्या.

कडकच व्हायचं असेल तर कोचच्या घड्याळाशी व्हा. नियम आहे, आठवड्याला २० तास. पण मॅचचा अख्खा दिवस तीन तासच मोजतात, प्रवास मोजतच नाहीत, फिजिओकडे बर्फ लावून बसायचं तेही नाही. मैत्रीण म्हणाली मग पोरांनी तक्रार करावी. कोणाकडे? जो उद्या टीममधे घ्यायचं की नाही ठरवतो त्याच्याकडे?

त्या पोराचा शेवटचा प्रोजेक्ट होता, स्वतः डेटा गोळा करायचा आणि त्याचं विश्लेषण. बाकीच्यांनी कॉफीची रांग मोजली, कोणी पार्किंगमधल्या गाड्यांचे रंग. याने पाच आठवडे स्वतःचे तास लिहिले, प्रवासासकट, बर्फासकट. सरासरी ३८ आली. खाली वीसवर एक लाल रेघ मारली होती, त्यावर काही लिहिलं नव्हतं. मी म्हटलं हे दाखवणार आहेस का, तर म्हणाला माझाच डेटा आहे ना.

मार्क देणारी मी नव्हते, नाहीतर ए दिला असता. बी प्लस मिळाला. ग्राफच्या अक्षांना नावं द्यायला विसरला होता.