पांढऱ्या पॅडवर काळा रंग

गाडीच्या डिक्कीवरची कंपाउंडची (घासून ओरखडे काढणाऱ्या पेस्टची) पहिली फेरी संपली, पॉलिशचं मशीन उचललं आणि पॅड उलटं करून बघितलं. पांढरा फोम काळाकुट्ट. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असलेल्या गाडीवर पॅडला मळकट पांढरट कंपाउंड लागतं, गाडीचा रंग लागत नाही. रंग आला म्हणजे क्लिअर संपलं आणि आपण खालच्या थरावर पोचलो, हीच शंका आधी येते. तसं झालं असेल तर पॉलिशने काही भरून येत नाही, पूर्ण डिक्की रंगवावी लागते.

गाडी घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतली, काळी सेडान, साधा काळा रंग. मेटॅलिकमध्ये चमकीचे कण बारीक ओरखडे थोडे लपवतात. साधा काळा काहीच लपवत नाही. मालकांनी दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतलेली. त्यांचं म्हणणं एवढंच, "वॅक्स करून द्या, ओरखडे जातील." वॅक्सने ओरखडा जात नाही. दोन धुण्यांपुरता झाकला जातो, आणि काळ्यावर तेवढाही नीट नाही.

ओरखडे कुठले ते टॉर्च मारताच कळलं. उन्हात किंवा दिव्याभोवती गोल दिसणारी कोळ्याची जाळी, म्हणजे कोरड्या धुळीवरून ओला फडका. मेट्रोच्या कामाची सिमेंटची धूळ, टँकरचं क्षारांचं पाणी, आणि एका बादलीत दहा गाड्या पुसणारा मुलगा. मुलाला लोक शिव्या घालतात, पण त्याला पाणीच तेवढं मिळतं. शिवाय बोनेटवर तिरप्या उजेडात सरकणारे पट्टे होते, होलोग्राम. कुणीतरी रोटरी मशीन लोकरी पॅडने फिरवून, फिनिशिंग न करताच गाडी दिली होती. "फ्री पॉलिश" असं ज्याला म्हणतात ते बहुतेक हेच असतं.

धुणं, आयर्न रिमूव्हर (चिकटलेले लोखंडी कण विरघळवणारं), क्ले (अडकलेले कण ओढून काढणारी माती), सगळं झालं. इथे घाई केली तर पुढचं काम फुकट, कारण क्लेने निघाला नाही तो कण पॅडखाली सापडला की नवा ओरखडा. मग मीटरने रंगाची जाडी मोजली. बोनेट १०४ ते ११२ मायक्रॉन, छत ९८, दारं ११५च्या आसपास. कंपनीचा रंग असा एकसारखा असतो. डिक्की: डावीकडे १८६, उजव्या कोपऱ्यात २३१. पुट्टी नाही, पुट्टी असती तर आकडा पाचशेच्या वर गेला असता. पण दुसऱ्यांदा रंगवलेली नक्की. बंपर प्लास्टिकचा, त्यावर आमचं मीटर चालतच नाही.

इथेच माझी चूक झाली. जाड आहे म्हणजे घासायला वाव आहे, असं धरलं. मीटर पूर्ण थराची जाडी सांगतं, त्यात क्लिअर किती ते सांगत नाही. २३१ मध्ये जुना रंग, प्रायमर, नवा रंग सगळं आलं. कंपनीच्या गाडीत क्लिअर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतं आणि एका कंपाउंडिंगमध्ये दोन-तीन जातात, म्हणून १०५ वर आम्ही सावध असतो. २३१ वर झालो नाही.

बाकीची गाडी नेहमीच्या क्रमाने. दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा, टेपने कडा झाकलेल्या, कारण कडेवर थर पातळ आणि पॅड तिथेच जास्त दाबतं. आधी सगळ्यात मऊ जोडी, फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश. जाळी गेली नाही. मग मधलं पॅड, मग मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंड. तेव्हा बोनेट साफ झालं. मटाराएवढे चार थेंब, कमी स्पीडवर पसरवायचं, मग चार-पाच नंबरवर आडव्या-उभ्या मिळून सहा फेऱ्या, प्रत्येक फेरी आधीच्या निम्म्यावर. पॅड जिच्यावर बसतं त्या बॅकिंग प्लेटवर मार्करने रेघ मारून ठेवायची. ती फिरताना दिसली नाही तर मशीन नुसतं थरथरतंय, कापत नाही. एप्रिलच्या दुपारी पत्रा तापला की कंपाउंड सुकून चिकटतं, म्हणून काम सकाळी. काळ्यावर मायक्रोफायबर पॅड धूसरपणा मागे सोडतं, तो फोमने पुन्हा काढावाच लागतो. त्यानंतर पाण्यात थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिसळून पुसायचं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं आणि आपण खूश होऊन बसतो.

डिक्कीवर मात्र कंपाउंड फोम पॅडनेच फिरवलं होतं. काळं पॅड बघून मशीन बंद केलं. आयपीएने पुसून टॉर्च तिरपा धरला. चमक तशीच, कुठेही निस्तेज डाग नाही, डागाभोवती कडा नाही. क्लिअर फुटलं असतं तर खालचा रंगाचा थर, बेस कोट, निस्तेज दिसला असता, त्याला स्वतःची चमक नसते. मग डिक्कीच्या आतल्या कडेवर पांढरा फडका आणि बारीक पॉलिश हाताने घासलं: काळं. बोनेटच्या आतल्या कडेवर तसंच: फडका पांढरा. म्हणजे डिक्की क्लिअर न मारता थेट पीयू (पॉलियुरेथेन) रंगाने केलेली. साध्या रंगात हे चालतं, एक थर वाचतो, पैसे वाचतात, आणि त्यावर रंग पॅडला लागणारच. नुकसान काही नव्हतं. वेगळं पॅड घेतलं, दर तुकड्याला ब्रशने साफ केलं आणि बारीक पॉलिशनेच संपवलं. सत्तर टक्के जाळी गेली, बाकी ठेवली.

पण आता ते ठेवलेलं सांगावं लागणार होतं. मालक चारला आले. मी आकडे दाखवले. ते म्हणाले, "अहो, पण घेताना तो म्हणाला होता, ओरिजिनल पेंट, एक स्क्रॅच नाही."

मी काही बोललो नाही. त्यांनी मीटर मागून घेतलं. आधी बोनेटवर, मग डिक्कीवर, मग परत बोनेटवर. मग डिक्की उघडून बिजागरीच्या बोल्टांवर मोबाइलचा टॉर्च मारला. बोल्टांच्या कडांवरचा रंग पान्याने उडालेला होता, म्हणजे डिक्की कधीतरी खोलून काढलेली. ते मी सकाळीच बघितलं होतं. मालकांना ठाऊक असेल, आपण कशाला बोला, असं वाटलं होतं.

त्यांनी डिक्की हळू बंद केली, हाताने नाही, दोन बोटांनी, नव्या पॉलिशवर ठसे पडू नयेत म्हणून.

"वॅक्स राहिलंय ना?" त्यांनी विचारलं. "डिक्कीलाही लावा."