भुतांची घरं बघायला तळकोकणात

लोक कोकणात मासे खायला जातात नाहीतर बीचवर लोळायला जातात, मी आणि मामेभाऊ गेलो ते भुतं कुठे राहतात ते बघायला. भुतं बघायला नाही हं, त्यांची घरं बघायला. पक्षीनिरीक्षणवाले कसं, पक्षी दिसो न दिसो, झाडी आणि पाणी बघून छातीठोक सांगतात की इथे अमुक असणारच, आमचं साधारण तसंच चाललं होतं. मामीने निघताना विचारलं की हे असले उद्योग करायला तुम्हाला रजा कोण देतं, त्यावर आम्ही दोघंही गप्प.

कुडाळला ट्रेनमधून उतरलो, तिथून भावाच्या बाइकवरून वेंगुर्ला. तिथून पुढे मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी असा समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता. गुगल मॅपवर बघाल तर तासाभराचा पण नाही, आम्ही मात्र दिसेल त्या पिंपळाखाली थांबत गेलो त्यामुळे दोन दिवस गेले.

आमचं गाइडबुक म्हणाल तर फोनमध्ये डाउनलोड केलेलं 1915 सालचं एक जुनं पुस्तक, कोकणातल्या लोकसमजुतींच्या नोंदींचं. त्याची गोष्ट भारी आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन आठवतोय ना, 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरमध्ये 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी ज्याला गोळ्या घातल्या तो. शाळेच्या इतिहासात त्याची ओळख तेवढीच. पण हा माणूस संस्कृत शिकलेला, त्याला पंडित जॅक्सन म्हणायचे, आणि त्याला लोकांच्या समजुती गोळा करायचा नाद होता. त्याने प्रश्नावली काढली, ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली, मास्तरांनी आपापल्या गावातली भुतं, देव, नवस, पाऊस पाडायचे उपाय असं सगळं लिहून पाठवलं. तो गेल्यावर एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते सगळं एकत्र करून छापलं. म्हणून पुस्तकात पानोपानी अमुक गावचा स्कूलमास्तर, तमुक गावचा स्कूलमास्तर अशा नोंदी. सरकारी कागद भरायची सवय असलेल्या मास्तरांनी भुतांचं पण तसंच केलंय, कोण मेल्यावर कुठलं भूत होतं, ते राहतं कुठे, खातं काय, कशाने जातं. नॅचरल हिस्टरीच ती. आणि खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून आले 1920 ला, म्हणजे ही प्रश्नावली दहा-पंधरा वर्षं उशिरा निघाली असती तर शिरोड्याची भुतं खांडेकरांच्या अक्षरात आली असती, मग ती किती अलंकारिक झाली असती याचा विचार करून आम्ही बाइकवर हसत होतो.

पहिला मुक्काम मोचेमाडची खाडी. इथे बघायचा होता गिऱ्हा, मालवणीत गिरो. हा पाण्यातला. बुडून मेलेला माणूस गिऱ्हा होतो, खाडीत नाहीतर नदीच्या उताराशी राहतो, रात्री पाणी ओलांडणाऱ्याला मूठभर मासे दाखवून आत आत नेतो. त्याचा केस कापून लपवून ठेवला तर तो तुमचा नोकर होतो म्हणे, सांगाल ते आणून देतो, पण केस परत मिळाला की मग तुमचं काही खरं नाही. पुलाजवळ एक काका जाळं साफ करत बसले होते. आधी विचारलं "खयचे तुम्ही?", मग कुडाळकडचे म्हणल्यावर जरा सैल झाले.

"गिरो दिसणा नाय ओ. तो हाक मारता. ओळखीच्याच आवाजात."

मग त्यांनी जे सांगितलं त्यात गिऱ्हा थोडा आणि खाडी जास्त होती. पूल नव्हता तेव्हा लोक सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी चालत पलीकडे जायचे, बाजार करून यायला उशीर झाला की तोपर्यंत भरती लागलेली असायची, जाताना गुडघाभर असलेलं पाणी येताना कमरेच्या वर, खाली चिखल, अंधार, डोक्यावर ओझं. "भरती लागल्यावर उतारलो तो गेलो," काका म्हणाले. आता बघा, भुतांचा जोर अमावस्या-पौर्णिमेला असतो असं सगळीकडे मानतात, आणि समुद्राला उधाण पण नेमकं त्याच सुमाराला, सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते म्हणून. म्हणजे गिऱ्ह्याचं कॅलेंडर आणि भरतीचं कॅलेंडर एकच. मासे दाखवून आत नेणं पण उगाच नाही, ओहोटीला खड्ड्यात अडकलेले मासे पकडता पकडता माणूस कुठवर गेला त्याचं भान राहत नाही हे खाडीकाठच्या कुणालाही विचारा.

काकांना विचारलं, आता कुणाला लागतो का गिरो? ते हसले. "आता पूल झालो. गिरो खय जातलो बिचारो?"

हे मला फार आवडलं.

खाडीच्या वर चढून आलं की जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. सडा ज्यांनी पावसाळ्यानंतर फक्त फुलांच्या फोटोंत बघितलाय त्यांना उन्हाळ्यातला सडा कळणार नाही, काळा कातळ, सुकलेलं गवत, झाड असं नाहीच, चारी दिशांना सारखंच. इथे राहतो चकवा. याला रूप नाही, आवाज नाही, भूक नाही, काहीच नाही, तो फक्त वाट चुकवतो. तुम्ही चालत राहता आणि तास-दोन तासांनी त्याच दगडापाशी येता. उपाय एकच, एका जागी बसायचं आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. 2009 मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी खरंच माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात चालायला लावून जीपीएसने मोजलं होतं, सूर्य नाहीतर चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले, ढग आले किंवा चंद्र मावळला की सरळ जातोय असं समजत गोल फिरले, स्वतःचीच वाट कापत. चकवाच की. आणि हरवल्यावर जागेवर थांबा हा सल्ला आजचे ट्रेकिंगवाले पण देतात, आजीने तो फुकटात आणि भूत लावून दिला होता एवढंच. चुलतआजोबा चकव्यात सापडले तेव्हा रात्रभर विड्या ओढत बसले होते अशी आमच्याकडे कथा आहे, पण त्यांच्याबद्दलच्या इतर कथा बघता ते चकव्यात नसावेत, पत्त्यांत असावेत.

सड्यावर आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. रातवा ओरडायला लागला, हा पक्षी रस्त्यावर बसतो आणि गाडीचा लाइट पडला की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात, जमिनीलगत दोन लाल ठिपके, बाकी काही दिसतच नाही. मला माहीत होतं तरी पोटात गोळा आला. भाऊ म्हणाला चल, आणि मी वाद घातला नाही.

आता झाडावरची भुतं. इथे माझं आणि पुस्तकाचं जरा वाजलं. पिंपळावर मुंजा, म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज (लग्नाआधी ब्रह्मचर्य संपवायचा विधी) व्हायच्या आत गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो त्यामुळे बाकी सगळी झाडं गप्प असताना पिंपळ एकटाच सळसळतो, तर तिथे कुणीतरी असणार असं वाटणं साहजिक आहे. रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं म्हणून पूर्वजांनी पिंपळाखाली झोपू नका सांगितलं हे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते मात्र काही पटत नाही, उघड्या हवेत झाडाने सोडलेल्या तेवढ्याशा वायूने कुणाला काही होत नाही, त्यापेक्षा बंद खोलीत शेजारी झोपलेला माणूस जास्त सोडतो. प्रत्येक समजुतीला विज्ञानाचं इस्त्री केलेलं शर्ट घालायलाच पाहिजे असं काही नाही.

आणि पुढे वाचत गेलं की कळतं, या भुतांचा झाडाशी फार संबंध नाही, माणसांशी आहे. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. ब्राह्मणाच्या मुलाचा मुंजा, खारवी नाहीतर कोळी मेला तर झोटिंग. पैसा पुरून ठेवणारा, मागे कुणी नसलेला चिक्कू मेला की समंध, तो आपल्या घराभोवती फिरत ठेवा राखतो. म्हणजे मेल्यावर पण जात सुटली नाही, कुंकू सुटलं नाही, इस्टेट सुटली नाही! पाण्यातली आणि माळावरची भुतं वाचताना मला मजा येत होती, ही यादी वाचताना येईना.

हडळ त्यातली सगळ्यात वाईट. पुढून देखणी, मागून नुसता हाडांचा सापळा, पाय उलटे, राहते विहिरीपाशी नाहीतर चिंचेवर. आणि हडळ होते कोण, तर बाळंतपणात किंवा त्यानंतर दहा दिवसांच्या आत गेलेली बाई. ते दहा दिवस म्हणजे बाळंतज्वराचे दिवस. अँटिबायोटिक्स नव्हती, सुईणीचे हात कुणी धूत नव्हतं, घरोघरी पोरी मरायच्या आणि मेल्यावर त्यांचीच भीती घालायची. बरं हे मेलेल्यांवर थांबलं नाही, जिवंत बाईच्या अंगात हडळ आहे म्हणून तिला झोडपणारे भगत पुष्कळ झाले. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 ला जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा सरळ गुन्हा धरलाय. त्यामुळे भुतांच्या गमतीजमती सांगताना हडळीपाशी आलो की मी थांबतो. शिरोड्यात ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजीसमोर विषय काढला तर तिने फक्त "नको ता" म्हणलं आणि भाकऱ्या थापायला लागली. तिच्या पिढीत ती गोष्ट नसते, कुणाची तरी बहीण असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरवलीचा वेतोबा. हा भुतांचा राजा, वेताळ, पण इथे देव. मूर्ती उभी, माणसापेक्षा उंच, हातात तलवार. वेतोबा रात्री गावाभोवती फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून नवस फेडायला चामड्याच्या चपला वाहतात, आणि केळ्यांचे घड. चपला हातभर लांब, चांगल्या जाडजूड, देवळात रांगेने ठेवलेल्या. आम्ही एक जोड उलटा करून तळ बघावा की काय या विचारात होतो तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, "काय रे, साइज बघतास?" मग नाही बघितला. पण भुताला पायताण लागतं, ते झिजतं, ते नवीन द्यावं लागतं हा हिशोब मला फार थोर वाटतो. दुसऱ्या गावांतली भुतं हवेत तरंगतात, आमचं चालतं.

त्याच जातीतला दुसरा म्हणजे देवचार, सिंधुदुर्गात आणि गोव्यात घरोघरी माहीत. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, गावाची शीव राखतो, चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. आहार म्हणाल तर रोट, विडी, दारू, म्हणजे शेतावर राखणीला बसणाऱ्या गड्याचाच. त्याची जाण्यायेण्याची वाट ठरलेली असते, त्या वाटेवर बसायचं नाही, घर बांधायचं नाही. शिरोड्यातल्याच एका आजोबांना विचारलं, तुम्हाला कधी दिसला? "दिसाक नाय कधी. पण विडी ठेवची लागता," म्हणाले, "तो आपल्या वाटेन जाता, आपण कित्याक वाटेत बसाचा?" वाइल्डलाइफ कॉरिडॉर म्हणून ज्याच्यावर सेमिनार होतात ते हेच.

रेडीला पोचलो तर तिथे लोखंडाच्या खाणी. डोंगर उघडे पडलेले, माती लाल. देवचाराची वाट खाणीतून जात असेल तर तो आता काय करत असेल यावर आमची बाइकवर बरीच चर्चा झाली, भावाचं म्हणणं की तो डंपर बघूनच गोव्यात गेला असणार, तिकडे निदान दारू स्वस्त. मला नाही पटत, राखणदार आहे तो, नोकरी सोडून नाही जायचा. आणि गोव्याकडे गेला तरी खाणी तिकडे पण आहेतच. तिकडे हायवेच्या चौपदरीकरणात जुने वड-पिंपळ गेले त्यांच्यावरच्या मुंजांचं काय झालं हा पण विषय निघाला, पण तोवर भूक लागली होती.

कुणाला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, जत्रा सुरू होतात, देवळासमोर रात्रभर दशावतार असतो. खाडीत उतरायचं असेल तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, तिथे गंमत नको. शिरोड्याची मिठागरं बघा, 1930 चा मिठाचा सत्याग्रह तिथलाच. भुतांबद्दल विचारायचं तर दुपारी जेवण झाल्यावर, ओसरीवर, म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि आधी त्यांची नातवंडं कुठे असतात ते विचारा. तिन्हीसांजेला विचारलंत तर कुणी काही सांगणार नाही, वर तुम्हालाच घरात घेतील आणि दार लावतील. आणि मोचेमाडला ते काका भेटले तर बांगडे त्यांच्याकडूनच घ्या, भाव सांगतील त्यात घासाघीस करू नका, आम्ही केली तर म्हणाले, "मगे गिऱ्याकडसून घेवा, तो फुकट दिता."