नवव्या दिवशी १५ गुण

नवव्या दिवशी त्याचे गुण १५ आले आणि मी सिस्टरवर ओरडलो. चूक तिची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

बेळगावातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. दारू एकदम बंद केली की शरीर बंड करतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याची भीती, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास होण्याची. म्हणून दर काही तासांनी एक मोजपट्टी लावतात. आम्ही तिला ‘सीवा’ म्हणतो. १९८९ साली प्रसिद्ध झालेली, दहा मुद्द्यांची, जास्तीत जास्त ६७ गुणांची. मळमळ, थरथर, घाम, बेचैनी असं एकेक पाहायचं. गुण आठ-दहाच्या खाली आले की शांत करणारी गोळी लागत नाही. आठवड्याभरात बहुतेकांचं निवळतं. नवव्या दिवशी १५ म्हणजे एक तर कुणीतरी बाहेरून दारूचं पाकीट पुरवलंय, नाही तर मोजणारीचं लक्ष नव्हतं. मी दुसरं धरलं.

माणूस तिशीतला, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. (ओळख पटू नये म्हणून चार गोष्टी बदलल्यात.) उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये तयार झालेले सुटे भाग व्हर्नियरनं (बारीक मापं घ्यायची पट्टी) तपासायचं काम. आमच्याकडे तिसऱ्यांदा दाखल. आधीच्या दोन फायलींत माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘गटात बोलत नाही. नजर चुकवतो. व्यसन मान्य नाही.’ गटात प्रत्येकानं उठून ‘मी दारुडा आहे’ म्हणायचं असतं. हा उठला आणि विचारलं, ‘दारुडा म्हणजे किती पिणारा?’ सगळे हसले. मी ‘उद्धट’ असंही लिहिलं होतं.

त्या सकाळी मोजपट्टी मीच घेऊन बसलो. हात पुढे करायला सांगितले, बोटं दगडासारखी स्थिर. तळवे कोरडे. मळमळ नाही, डोकेदुखी नाही. तारीख, वार, वेळ बिनचूक, वेळ तर मिनिटासकट. मग पुढचे प्रश्न.

‘आवाज नेहमीपेक्षा जास्त जाणवतात काय? कानाला टोचतात?’

‘होय.’

‘उजेड डोळ्यांना खुपतो?’

‘होय. ती ट्यूब. तिचा आवाज पण येतोय.’

‘अंगाला खाज, टोचल्यासारखं?’

‘ब्लँकेट टोचतंय.’

आवाजाचे ३, उजेडाचे ३, कातडीचे ३, घालमेलीचे ४, चुळबुळीचे २. पुन्हा १५. सिस्टरनं जे विचारायचं तेच विचारलं होतं, जे ऐकलं तेच लिहिलं होतं. मी वैतागून पट्टीवर नसलेला प्रश्न टाकला: ‘हे कधीपासून होतंय तुला?’

‘शाळेपासनं. पिलं की कमी होतंय.’

एवढं बोलून तो ट्यूबकडे बघायचं टाळत भिंतीला तोंड करून बसला. मी पेन खाली ठेवलं.

पुढचा तासभर तो बोलला. गटात दोन वर्षांत बोलला नव्हता तेवढं. वर्कशॉपचा गोंगाट त्रास देत नाही काय, विचारलं, तर म्हणाला, ‘मशीनचा आवाज ठरलेला असतोय. माणसांचा नाही.’ कागदी पाकिटातली ९० मिलीची दारू तो तीन वेळांना घ्यायचा: बसमध्ये चढण्याआधी, चहाच्या सुट्टीआधी आणि लग्नाकार्यात दोन. ‘मग तोंड हसरं ठेवायला जमतंय.’ हे सगळं तारखेनिशी वहीत होतं. वही आमच्या कपाटात जमा होती. दाखल करतानाच आम्ही काढून घेतली होती.

आमचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, हुशार माणूस, पण एका पेशंटला आठ मिनिटं. त्या दिवशी त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. गोळ्या हळूहळू कमी करायला घेतल्या आणि धारवाडला तपासणीसाठी चिठ्ठी दिली. लहानपणाची माहिती आईकडूनच घ्यावी लागते. फॉर्म कानडीत, आई मराठीत, मध्ये मी. ती म्हणाली, ‘लग्नात बेंजो वाजायला लागला की पाटाखाली शिरायचा.’ मग हळूच, ‘वेडा म्हणून लिवून देऊ नका साहेब, पगार जाईल त्याचा.’ मी सांगितलं, वेड नाही, ऑटिझम, म्हणजे जन्मापासूनच मेंदूची घडण वेगळी, असं असेल तर २०१६ च्या कायद्यात ते अपंगत्व म्हणून धरलंय, १९९५ च्या कायद्यात नव्हतं. ती म्हणाली, ‘तेव्हा मास्तर कान पिळायचे.’

धारवाडहून ऑटिझमच लिहून आलं. त्या रात्री मोबाईलवर हुडकत बसलो. स्वीडनमधल्या नोंदींवरचा २०१७ चा अभ्यास सापडला. ऑटिझम असलेल्यांत व्यसनाशी निगडित त्रासांचा धोका साधारण दुप्पट. आणि आमच्या प्रशिक्षणात हा शब्द फक्त लहान मुलांच्या तासाला आलेला.

त्याची खाट कोपऱ्यात हलवली, ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला. जेवणाच्या घंटेआधी पाच मिनिटं त्याला ताट. दिवसाचं वेळापत्रक कागदावर. वॉर्डन म्हणाले, ‘एकाला सवलत दिली की सगळे मागतील.’ कुणी मागितली नाही. ‘कसं वाटतंय?’ विचारणं मी सोडलं, त्याला ते सांगता येत नाही. ‘खांदे वर गेलेत काय? दात आवळलेत काय?’ हे सांगता येतं. सीवात बहुतेक मुद्द्यांना ० ते ७ गुण असतात, ती पट्टी मात्र त्याला पटलीच नाही. ‘तीन आणि चारच्या मध्ये काय? आमचा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटर दाखवतोय.’

डोक्यात फिरतंय ते आधीच्या दोन खेपांचं. तेव्हाही त्याचे गुण उतरत नव्हते. म्हणजे ट्यूबच्या आवाजावर आम्ही किती दिवस त्या गोळ्या दिल्या? फायली काढून मोजले. पहिल्या खेपेला सहा जादा, दुसऱ्या खेपेला नऊ. सोडताना मी दोन्ही वेळा लिहिलंय, ‘गोळ्यांची मागणी करतो.’ त्यानं कधी मागितल्या होत्या, ते आठवत नाही. त्याच कपाटात ‘असहकार्य’ लिहिलेल्या इतरांच्या फायली आहेत. त्या उघडायला सुरुवात केलीय, सध्या चौथी.

गणपतीत त्याचा फोन आला. ‘गल्लीत डॉल्बी लागलाय. ६ वाजून ४० मिनिटांनी एक पाकीट पिलो. दुसरं घेतलं नाही.’

‘शाबास. कसं काय थांबलास?’

‘दुकानात गर्दी होती.’

रजिस्टरात रकाने दोनच, ‘सुटली’ आणि ‘परत सुरू’. त्याच्या नावापुढे अजून काही लिहिलेलं नाही.