१६५ घोड्यांऐवजी ६०

जानेवारीतल्या शनिवारी आमच्या वर्कशॉपचं शटर वर जायच्या आधीच बाहेर ट्रेलरची रांग लागलेली असते. कुणाचा बेल्ट तुटलेला, कुणाची स्की झाडाच्या बुंध्यावर आपटून वाकलेली. नॉर्थ बे हे कॅनडातल्या ऑन्टारियोतलं निपिसिंग तलावाकाठचं गाव. मी इथे स्नोमोबिल, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी, दुरुस्त करतो. इथे सगळे तिला स्लेड म्हणतात, मीही आता तेच म्हणतो. मिरजेत टू-व्हीलरच्या गॅरेजात काम शिकलो, बाकीचं शिक्षण इथल्या बर्फाने दिलं.

त्या शनिवारी शोरूमच्या बाजूने मराठी ऐकू आलं. "घ्यायचीच आहे तं मोठीच घेऊ ना. दरवर्षी कोण बदलत बसणार?"

अकोल्याचं जोडपं होतं. ताई इथल्या हॉस्पिटलात नर्स. वॉर्डातल्या मैत्रिणी सुट्टीच्या दिवशी जंगलातल्या ट्रेलवर जातात, तेव्हा ह्या घरी बसून असतात. म्हणून स्लेड घ्यायची. दादा उभे होते ८५० सीसीच्या टू-स्ट्रोकपाशी. जवळपास १६५ अश्वशक्तीचं ते यंत्र दिसायलाही तसंच.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"मी," ताई म्हणाल्या.

"मग दादा, तुम्ही जरा बाजूला उभे राहा. ताई, बसून बघा."

त्या बसल्या. हँडल धरायला त्यांना पुढे ओणवं व्हावं लागत होतं आणि ब्रेकचा लिव्हर बोटांच्या टोकाला जेमतेम येत होता. पण माझी अडचण तेवढीच नव्हती. स्लेडचा थ्रॉटल उजव्या अंगठ्याने दाबतात. ट्रेलवर खड्डा लागला की शरीर पुढे जातं आणि नवख्या माणसाचा अंगठा नकळत आवळला जातो. १६५ अश्वशक्तीच्या यंत्रावर तो एक धक्का म्हणजे थेट झाडात. ओएफएससीच्या, म्हणजे इथल्या स्नोमोबिल क्लबांच्या महासंघाच्या, ट्रेलवर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर. तेवढ्यासाठी इतकी ताकद विकत घेऊन करायचं काय? पहिली गाडी मोठी घ्या, असा सल्ला देणारे भेटतात. माझं मत त्याच्या अगदी उलट आहे आणि मी ते लपवत नाही.

आमच्याकडे बदलीत आलेली एक ६०० सीसी फोर-स्ट्रोक पडून होती. साठेक अश्वशक्ती, आवाज कमी, पेट्रोलला सोशिक, थ्रॉटल मऊ. ट्रॅक, म्हणजे गाडीला पुढे ढकलणारा मागचा रबरी पट्टा, १३७ इंची. आखूड ट्रॅक वळणाला चपळ असतो, पण ट्रेलवरच्या लाटांमध्ये उड्या मारतो. १५४ इंची किंवा त्याहून लांब ट्रॅक खोल, भुसभुशीत बर्फासाठी. १३७ इंची हा मधल्या लांबीचा, दोन लाटांवरून सरळ जातो, पाठीला त्रास देत नाही. ट्रॅकवरचे रबरी दात सव्वा इंचाचे, दाबून सपाट केलेल्या ट्रेलला बरोब्बर.

जुनी स्लेड घेताना मी मीटरवरच्या आकड्यावर विसंबत नाही. तिला स्टँडवर चढवलं, ट्रॅकच्या आतली चाकं एकेक करून हाताने फिरवली आणि बेअरिंग घरघरतंय का ते बोटांना विचारलं. ट्रॅक ज्यांच्यावरून घसरतो ते प्लॅस्टिकचे स्लायडर किती झिजलेत ते पाहिलं. चेनकेसच्या, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीच्या, झाकणाच्या चुंबकावर काळी पेस्ट होती, लोखंडाचे कण नव्हते. पेस्ट चालते, कण चालत नाहीत. इंजिन उत्तम होतं.

दादांनी विचारलं, "भाऊ, हे यंत्र काढलं कोणी?" मी जोसेफ-आर्मंड बोंबार्डिए यांचं सांगितलं. क्युबेकमधल्या व्हालकूर गावचे मेकॅनिक. १९३४च्या हिवाळ्यात त्यांचा लहानगा मुलगा पोटातल्या संसर्गाने गेला, कारण बर्फाने रस्ते बंद होते आणि हॉस्पिटलपर्यंत पोचता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीची खटपट ते आधीपासून करत होते, ती त्यांनी सोडली नाही. १९३७मध्ये पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशा बर्फगाड्या निघू लागल्या. एकट्यादुकट्याने चालवायची स्की-डू आली ती १९५९मध्ये. ताई हे ऐकताना एकदम गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, "पेरिटोनायटिस असेल." होताच.

आता खरं काम. काही बदलण्याआधी आहे तशी स्लेड नव्या मालकाच्या खाली कशी वागते ते मला बघायचं असतं. वर्कशॉपमागे सपाट पट्टा आहे. टिदर, म्हणजे इंजिन बंद करणारी दोरी, जॅकेटला अडकवून ताई हळूहळू निघाल्या. परत आल्या तेव्हा हेल्मेट काढून म्हणाल्या, "ही माझं ऐकतच नाही भाऊ. मी सरळ धरते, ती आपली डावीकडे जाते, मग उजवीकडे. खांदे भरून आले. मला जमणार नाही हे."

दादा म्हणाले, "म्हणून म्हणत होतो, चांगली मोठी घेऊ."

मी म्हटलं, "ताई, चूक तुमची नाही. ही गाडी अजून जुन्या मालकासाठीच बांधलेली आहे."

जुना मालक धिप्पाड होता. मागचा बंपर उचलून मी सस्पेन्शन पूर्ण उघडलं आणि जमिनीपासून बंपरपर्यंत टेप लावली. मग ताईंना हेल्मेट-बुटांसकट बसवून पुन्हा मोजलं. चालवणारा बसला की सस्पेन्शन एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश खाली यायला हवं. इथे जेमतेम दोन बोटं आलं. मागच्या स्प्रिंगांचा ताण ठरवणारे कॅम दोन्ही बाजूंनी शेवटच्या, सगळ्यात कडक खाचेत होते. वर त्या माणसाने लिमिटर पट्टाही, म्हणजे ट्रॅकचा पुढचा भाग किती खाली जाईल ते रोखणारा पट्टा, आवळलेला. त्याच्यासाठी ते योग्यच होतं: तो बसला की मागचा भाग दबायचा, स्की हलक्या व्हायच्या, म्हणून पट्टा आवळून त्याने वजन पुन्हा स्कींवर आणलं. पण पन्नास किलोंच्या बाईखाली मागचा भाग दबतच नव्हता आणि सगळा भार स्कींवर येत होता. खांदे भरून येणारच.

कॅम सगळ्यात मऊ खाचेवर आणले. लिमिटर पट्टा एक भोक सैल केला. स्कींच्या शॉकचा ताण थोडा उतरवला. पुन्हा ताईंना बसवलं, पुन्हा टेप. आता गाडी खाली बसली, पाहिजे तेवढी.

राहिलं डावी-उजवीकडे पळणं. स्कीच्या तळाला कार्बाइडची पट्टी असते, तीच बर्फात चावा घेते. शेकडो स्लेडनी ट्रेलवर पाडलेल्या चरांमध्ये ती अडकते आणि गाडी चर नेईल तिकडे जाते. ह्या पट्ट्या झिजून बोथट झालेल्या होत्या. त्यांच्या जागी दुहेरी कार्बाइड बसवले. दोन पट्ट्या चराच्या दोन्ही काठांवर राहतात, त्यामुळे चर स्कीला ओढत नाही. मग हँडल सरळ बांधून, स्कींची टोकं रबरी दोरीने एकमेकींकडे ताणून जोडांमधली ढिलाई काढली आणि ट्रॅकला लांब सरळ पट्टी लावून अंतर मोजलं. एक स्की आत वळलेली निघाली. दोन्ही किंचित बाहेर उघडतील अशा केल्या, काही मिलिमीटरच.

हे चालू असताना मी ताईंना बाजूला बसू दिलं नाही. बेल्ट त्यांच्याकडूनच बदलून घेतला. "अकोल्यात ॲक्टिव्हा चालवलीय ना? आत हेच आहे. तिथे रोलर बाहेर सरकून पुली मिटवतात, इथे फिरणारी वजनं मिटवतात. गिअर नाहीत, बेल्ट वर चढतो तसा वेग वाढतो." ॲक्टिव्हाचं नाव निघाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मागची पुली उघडून त्यांनी जुना बेल्ट काढला, कडा अंगठ्याने चाचपल्या आणि एका जागी चकाकी धरलीय ते मला दाखवलं. जंगलात बेल्ट गेला तर उणे वीस अंशात हेच करायचं असतं. नवा बेल्ट पहिले पन्नासेक किलोमीटर पूर्ण थ्रॉटलवर नेऊ नका, एवढं बजावलं.

आइस स्क्रॅचर मात्र मी आग्रहाने लावले. ट्रेल कडक, बर्फाळ झाला की सैल बर्फ उडत नाही. तो उडाला नाही तर स्लायडर वितळतात आणि इंजिनही तापतं, कारण रेडिएटर ट्रॅकवरच्या पत्र्याच्या बोगद्यात असतो आणि उडालेल्या बर्फानेच थंड होतो. स्प्रिंगच्या ह्या दोन काड्या ट्रेल ओरखडून बर्फ वर फेकतात. स्वस्त वस्तू आहे, लोक उगाच टाळतात.

दुपारी उशिरा ताई पुन्हा त्याच पट्ट्यावर गेल्या. टोकाला वळल्या, परत आल्या, न थांबता पुन्हा गेल्या. दादा काचेपाशी उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करत होते. मोठ्या गाडीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

निघताना ताईंनी विचारलं, "तलावावरून जाता येतं ना? मैत्रिणी जातात."

"ह्या हिवाळ्यात नाही," मी सांगितलं. कॅनेडियन रेड क्रॉस स्नोमोबिलसाठी २५ सेंटिमीटर बर्फ सांगतं, पण तलावावर जाडी सगळीकडे सारखी नसते. ओढा मिळतो तिथे पातळ, दाबाने भेग पडते तिथे पाणी. आधी परमिट काढा, जंगलातले ट्रेल करा, उजव्या कडेने चाला, आंधळ्या वळणावर अंगठा सोडा. तलाव नंतर, खुणा रोवलेल्या वाटेने आणि जाणत्या माणसांच्या मागे. दादांना मी हे वेगळं गाठून पुन्हा सांगितलं.

फेब्रुवारीत ताई तपासणीला आल्या. स्लायडर ठीक, बेल्टच्या कडा स्वच्छ, ट्रॅक जरा सैल झाला होता तो ताणला. तक्रार एकच: छातीला वारा लागतो. उंच विंडशील्डची ऑर्डर घातली. पाठोपाठ दादांनी आपलं वजन सांगितलं आणि त्यांच्यासाठी कोणती बसेल ते विचारलं.