वेज निवडताना आधी तळ बघा

गोल्फमध्ये वेज, म्हणजे जवळच्या अंतरावरून चेंडू उंच उडवायचा क्लब, घ्यायला गेलेला खेळाडू बहुतेक वेळा एकच आकडा सांगतो: ५६ अंश. हा झाला लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) कल. चेंडू किती उंच आणि किती लांब जाणार ते त्यावर ठरतं. पण क्लब मातीत रुतणार की गवताखालून सुळकन पुढे निघणार, हे सोलवर, म्हणजे क्लबच्या तळावर ठरतं. १०० यार्डांच्या आत फसणाऱ्या फटक्यांचं खापर स्विंगवर फुटतं. माझ्या मते त्यातले कितीतरी फटके तळ आणि जमीन यांचं जुळत नाही म्हणून फसतात.

लॉफ्टचं गणित सोपं आहे, ते आधी उरकू. सुरुवात पिचिंग वेजपासून, म्हणजे सर्वांत कमी लॉफ्टच्या वेजपासून करा. त्याचा लॉफ्ट अंदाजाने धरू नका. कंपनीच्या तक्त्यात बघा, नाहीतर मोजून घ्या. पूर्वी पिचिंग वेज ४८ अंशांच्या आसपास असायचा. हल्ली लांब अंतरासाठी बनवलेल्या आयर्न सेटमध्ये (आयर्न म्हणजे मधल्या अंतराचे धातूचे क्लब) तो ४३-४४ वर आला आहे. अशा सेटला थेट ५६चा सँड वेज (वाळूतून मारायचा वेज) जोडला की मध्ये १२-१३ अंशांची पोकळी राहते, आणि मग त्या अंतरावरून एकतर पिचिंग वेज दाबून मारावा लागतो किंवा सँड वेजवर जोर काढावा लागतो. दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचा फरक ठेवा. पिचिंग वेज ४४चा असेल तर ४९, ५४, ५९. तो ४६चा असेल तर ५०, ५४, ५८, किंवा दोनच घ्यायचे तर ५२ आणि ५८. बॅगेत १४ क्लबांचीच मुभा आहे, त्यामुळे चौथा वेज आला की वरचा एखादा लांब क्लब काढावा लागतो. जो लांब क्लब फेरीत एकदाही बाहेर येत नाही, तो बिनदिक्कत काढा.

आता बाउन्स. शाफ्ट (क्लबची दांडी) सरळ उभा धरून वेज जमिनीवर टेकवला की पुढची धार किंचित अधांतरी राहते, तळाचा मागचा फुगीर भाग आधी टेकतो. त्या दोघांमधला कोन म्हणजे बाउन्स. अमेरिकन गोल्फपटू जीन सॅराझेनने निब्लिकच्या (जुन्या काळच्या जास्त लॉफ्टच्या क्लबच्या) तळाला मागून धातू चढवला तो याचसाठी, आणि १९३२ साली इंग्लंडमधल्या प्रिन्सेस मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकताना तोच क्लब वाळूत वापरला. धारेऐवजी तळ वाळूला लागला की क्लब खोल जात नाही, वाळू उसळते आणि चेंडूला घेऊन बाहेर पडते.

ढोबळमानाने ४ ते ६ अंश म्हणजे कमी बाउन्स, ७ ते १० मध्यम, त्यापुढे जास्त. क्लब उभ्या चालीने खाली येत असेल, डिव्हट (फटक्याने उखडणारे माती-गवताचे तुकडे) जाड निघत असतील, मैदान ओलं आणि माती मऊ असेल, बंकरमधली (मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यातली) वाळू भुसभुशीत असेल, तर जास्त बाउन्स घ्या. कमी बाउन्स घेतलात तर धार मातीत घुसते आणि चेंडू निम्म्यावरच पडतो. उलट तुम्ही गवत नुसतं घासून मारत असाल आणि जमीन कडक असेल तर जास्त बाउन्सचा तळ जमिनीवरून उसळतो, धार चेंडूच्या पोटात बसते आणि तो ग्रीन (भोकाभोवतीची बारीक गवताची जागा) ओलांडून पलीकडे जातो. दोन्ही चुका दिसायला अगदी वेगळ्या, पण मूळ एकच.

हा छापील आकडा शाफ्ट सरळ असतानाचा आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. फटक्याच्या क्षणी हात पुढे जाऊन शाफ्ट ५ अंश पुढे झुकला की बाउन्स जवळपास तेवढाच कमी होतो. ६ अंशांच्या वेजमध्ये मग उरतो जेमतेम १. हात बरेच पुढे ठेवून चिप (ग्रीनजवळचा छोटा, बुटका फटका) मारणाऱ्याने कमी बाउन्सच्या मोहात पडू नये ते यामुळे. फेस उघडला, म्हणजे वर आकाशाकडे वळवला, की उलट होतं: लॉफ्टही वाढतो, बाउन्सही, आणि धार जमिनीपासून वर उचलली जाते. इथे ग्राइंड, म्हणजे तळ घासून दिलेला आकार, कामाला येतं. हीलकडचा (शाफ्टजवळच्या टोकाचा) आणि मागचा भाग घासून काढलेला असेल तर फेस उघडूनही धार खाली राहते. फेस कधीच न उघडणाऱ्याला हे घासकाम नको. त्याला पूर्ण, रुंद तळ जास्त सांभाळून घेतो. तसंच रुंद तळाचा १० आणि अरुंद तळाचा १० सारखे वागत नाहीत, आणि ग्राइंडची अक्षरं प्रत्येक कंपनीची आपापली, म्हणून नुसत्या आकड्यांवरून तुलना करू नका.

दोन वेज शेजारी ठेवून पारखायचे तर चटईवर नको. चटई तळाला घसरू देते आणि जाड फटकासुद्धा बरा वाटतो. खऱ्या गवतावर, नेहमी खेळता त्याच चेंडूने, प्रत्येक वेजने पूर्ण, पाऊण आणि अर्धा असे दहा-दहा फटके मारा. चेंडू पहिल्यांदा कुठे टेकतो ते मोजा, घरंगळलेलं अंतर धरू नका. सर्वांत लांब गेलेला चेंडू विसरा. दहा चेंडू किती जवळजवळ पडले ते बघा. मग कडक जमीन, मऊ जमीन आणि बंकर, तिन्हीकडे पाच-पाच.

शाफ्टबद्दल थोडक्यात: आयर्नमध्ये हलका ग्रॅफाइट आणि वेजमध्ये जड स्टील असं झालं की लय बिघडते. वजन आयर्नएवढं किंवा थोडं जास्त ठेवा.

जुना वेज घेताना ग्रूव्हवरून (फेसवरच्या खाचांवरून) नख फिरवा. कडा नखाला अडत नसतील तर रफमधून (लांब गवतातून) स्पिन, म्हणजे चेंडूला फिरकी, मिळणार नाही. बिनमुलाम्याच्या वेजवरचा गंज मात्र काळजीचा नाही. ग्रूव्ह कोरून धार लावायची साधनं मिळतात, ती टाळा. २०१०पासून ग्रूव्हच्या कडांवरही नियमांची मर्यादा आहे आणि कोरलेला क्लब सहज नियमाबाहेर जातो.

लॉफ्ट एक-दोन अंश वाकवून घेता येतो, पण बाउन्सही सोबत सरकतो. ५६ लॉफ्ट आणि १० बाउन्सचा वेज ५४ केला की बाउन्स ८ होतो, ५८ केला की १२. म्हणून वाकवायचं ठरलं असेल तर वाकवल्यानंतरचा आकडा धरूनच वेज निवडा.