मण्यार की कवड्या: पावसाळ्यातल्या सात काती

दोन वर्षं मी विषारी मण्यार आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या या दोन सापांना पट्ट्यांवरून ओळखत होते. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक होत जाणारे. कवड्याचे मानेपासूनच ठळक, मागे विरणारे. पण काही मण्यारींचे पट्टे इतके पुसट असतात की साप नुसता काळा दिसतो. म्हणून यंदा जूनपासून पट्टे सोडून खवल्यांचा अभ्यास धरला. जिवंत सापावर हे करायचंच नाही, म्हणून कात.

पहिल्या चार धामणीच्या निघाल्या.

पाचवी शेजारच्या काकूंच्या गोठ्यात, दगडांच्या फटीत होती. हात न घालता चिमट्याने ओढली. कात पायमोज्यासारखी उलटी निघालेली असते; पाण्यात भिजवून हळूहळू उलगडली. पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची रांग, शेजारच्यांपेक्षा चांगलीच मोठी. एवढ्यावर थांबू नका, रुखई या झाडावरच्या सापाचेही मधले खवले मोठे असतात. पण तिचे शेपटीखालचे खवले दुभागलेले असतात, इथे अखंड होते. शरीराच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी १५. मण्यारच!

काकूंकडे सगळे पडवीत जमिनीवर झोपतात. त्याच संध्याकाळी गेले. "अगं, इथे कधी साप दिसला नाही," त्या म्हणाल्या. मण्यार रात्रीच फिरते, तिचा दंश झोपेत बरेचदा कळतही नाही. ना सूज, ना आग. मग पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि माणूस पित्त समजून पडून राहतो. आता तिथे खाटा आल्यात, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असते.

माझी ही ओळख रुग्णासाठी नाही, हेही सांगितलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे प्रतिविष एकच. साप शोधत बसायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही. रुग्णाला चालू न देता १०८ ला फोन. मण्यारीच्या विषाने श्वास थांबू शकतो, म्हणून प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं जवळचं रुग्णालय आधीच विचारून ठेवलंय.

सहावी कात कवड्याची: ओळी १७, मधली रांग इतरांसारखीच, शेपटीखाली दुभागलेले जोडखवले.

सातवी पुन्हा त्याच गोठ्यात मिळाली, पण शेपटीचा भाग नाही आणि पाठही फाटलेली. वहीत तिच्यापुढे नाव लिहिलेलं नाही. काकूंना मात्र मण्यारीचीच समजा म्हटलंय.