पोरांचा पेपर

सोमवार, 12 मार्च 2018, रात्री

झोप येत नाहीये. लेक जेवून गाढ झोपलाय. पेपर चांगला गेला म्हणाला आणि माझे डोळे भरून आले. त्याला वाटलं, पेपरामुळेच.

काल संध्याकाळी मीच म्हणाले होते, "यांना उद्याचाच दिवस मिळाला का?" टीव्हीवर शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत सोमय्या मैदानात उतरलेला दाखवत होते आणि मला दिसत होता नुसता तुंबलेला हायवे. आमचे हे काही बोलले नाहीत. दोन महिने पहाटे उठतेय, त्याची उजळणी, डबे, वर ऑफिस, मला कोण विचारतं, असंही बरंच बडबडले.

सकाळी उठून बघते तर मंडळी रात्रीच चालत निघालेली. 6 तारखेला नाशिक सोडलं, कसारा घाट उतरून 180 किलोमीटर आले आणि पाठ टेकायच्या वेळी पुन्हा उठून आझाद मैदान गाठलं. का, तर दहावीच्या पोरांची सकाळी खोटी होऊ नये. आम्ही सेंटरवर अर्धा तास आधी पोचलो.

त्याला सोडलं आणि ऑफिसला न जाता मैदानात गेले. लाल टोप्या, लाल झेंडे, उन्हात बसलेली हजारो माणसं. सुरगाण्याच्या एक मावशी पदरावरच टोपी घालून बसल्या होत्या. टाचेचं कातडं सोललेलं, त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी, ओली. पाण्याची बाटली दिली तर आधी शेजारणीच्या हातात ठेवली. फॉरेस्टच्या जमिनीचं सांगत होत्या. सासऱ्याच्या काळापासून कसतात, दावा टाकलाय, पदरात पडले ते थोडे गुंठे. कसणाऱ्यांना जमिनीचा हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चा. बारा वर्षं झाली. बोलता बोलता एकदम म्हणाल्या, "पोरांचा पेपर हाय ना आज? नीट पोचली का समदी?"

दोन महिन्यांत मला हे विचारणारं पहिलं माणूस.

मी नुसती मान हलवली. माझाच मुलगा बसलाय, हे ओठांवर आलं होतं. का नाही सांगितलं? किती बरं वाटलं असतं त्यांना. कालचं बोलणं आड आलं, दुसरं काय. त्यांचं नाव नाही विचारलं, घरच्या पोरांच्या शाळेचं नाही विचारलं. विचारलं काय, तर "पाय दुखतात का?"

संध्याकाळी सरकारनं लेखी दिलं, दावे सहा महिन्यांत निकाली काढू. सहा महिने. असो.

बोलून गेले ते गेले. दमले होते, हेही खरंच. सकाळी लेकाला सांगणार आहे, तुझी चौकशी कोणी केली ते. माझं कालचं बोलणं त्यानं ऐकलंच होतं.

परतीला सीएसएमटीहून भुसावळपर्यंत खास गाड्या सोडल्यात. मावशी त्यातल्याच एकीत असतील. चालत उतरल्या तो घाट आता गाडी चढत असेल. ती चिंधी बदलून द्यायला हवी होती मी, ओढणी होती की अंगावर.